नाव टाका, जावई पारखा

घरात लग्नाची मुलगी आहे? मग पत्रिका, देवक, पगार, सिडकोतलं रो-हाउस स्वतःचं की भाड्याचं, एवढ्यावर थांबू नका. मुलाचं नाव मोबाईलवर टाका आणि कोर्टाचे निकाल शोधा. फुकट आहे, बसल्या जागी होतं, आणि चहा गार व्हायच्या आत मुलाचं सगळं चारित्र्य हातात येतं.

आमच्या अक्काच्या मुलाला, म्हणजे माझ्या सख्ख्या भाच्याला, गेल्या महिन्यात एक स्थळ सांगून आलं. मुलगी सिन्नरकडची, शिकलेली. २८ गुण जुळले. मुलगा इथे नाशिकलाच, अंबडला कंपनीत, कायम नोकरी. मुलीचे काका इंदिरानगरला अक्काच्या घरी आले, दोन बशा पोहे खाल्ले, वरून खोबरं मागून घेतलं, कंपनीत कँटीन आहे का ते विचारलं, आणि घरी जाऊन भाच्याचं नाव टाइप केलं. तिसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन. "अहो, तुमच्या मुलावर हायकोर्टात क्रिमिनल केस आहे म्हणे. आधी सांगायचं ना."

तेव्हापासून मी काकांचा शिष्य झालो आहे. त्यांची विद्या मला जेवढी उमगली तेवढी इथे देतो.

पहिला धडा. बापाचं नाव टाकायचं नाही. आपल्याकडे मधलं नाव असतं ते लग्नपत्रिकेतली ओळ भरायला. ते टाकलं की निकाल एकदम कमी होतात, कधीकधी एकही येत नाही, आणि मग एवढा डेटा पॅक जाळून उपयोग काय? फक्त नाव आणि आडनाव टाका. भरघोस पीक येतं.

आमच्या भाच्याचं नाव ज्ञानेश्वर. आडनाव सांगत नाही, पण निफाडच्या बाजारात उभं राहून त्या आडनावाने हाक मारली तर निम्मा बाजार वळून बघेल. आणि ज्ञानेश्वर तर काय! ज्यांच्या थोरल्या भावाची समाधी आमच्या त्र्यंबकला आहे, त्यांचं नाव या जिल्ह्यात गल्लोगल्ली असणारच. भाच्याच्या कंपनीतच तीन आहेत. त्यांना अनुक्रमे माउली, लहान माउली आणि नाइट शिफ्टचा माउली म्हणतात. कंपनीला जे कळलं ते काकांना कळायला अजून वेळ आहे.

दुसरा धडा स्पेलिंगचा. तुम्हाला जे सुचेल तेच खरं मानायचं. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत कुणी डी-एन-वाय असं सुरू करतो, कुणी डी-वाय, कुणी जी-वाय. पुढे 'श्व'मध्ये डब्ल्यू घालायचा की व्ही, यावर एकाच घरातल्या दोन भावांचं एकमत नसतं. सोनवणे घ्या, चौधरी घ्या, गायकवाड घ्या, तीच गत. दाव्यात वकिलाच्या टायपिस्टने जे बडवलं ते कोर्टाच्या नोंदीत जातं आणि तेच निकालावर छापून येतं. अहो, आपल्या गावाचं नावसुद्धा जुन्या निकालांत एच नसलेलं सापडतं. नाशिकला स्वतःचं एक स्पेलिंग धड धरून ठेवता आलं नाही, तिथे ज्ञानेश्वराची काय कथा? म्हणजे ज्याच्यावर खरोखर तीन दावे आहेत असा माणूस एका डब्ल्यूच्या आडून रामकुंडात बुडी मारून आल्यासारखा स्वच्छ निघतो, आणि ज्याने आयुष्यात कोर्टाची पायरी पाहिली नाही तो सापडतो. पण याचा विचार करायचा नाही. डोकं दुखतं.

सरकारच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळाच्या वाटेला मात्र जाऊ नका. तिथे फार प्रश्न विचारतात. राज्य कोणतं, जिल्हा कोणता, कोणतं कोर्ट संकुल, नावाची किमान तीन अक्षरं, शिवाय नोंदणीचं वर्ष. निफाड वेगळं, येवला वेगळं, मालेगाव वेगळं, कळवण वेगळं. एका माणसाची १० कोर्टांतली २० वर्षं तपासायची म्हटली तर चौकटीतली ती वाकडीतिकडी अक्षरं २०० वेळा ओळखावी लागतील. त्यापेक्षा उघड्या सर्चमध्ये नाव टाकलं की काम तमाम.

सीएनआर नंबर तर चुकूनही मागू नका. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरा-आकड्यांचा स्वतंत्र नंबर असतो आणि तो टाकला की नेमका तोच खटला समोर येतो. त्यात काय मजा?

तारीख पाहू नका.

आता मुख्य विद्या. निकाल उघडला की फक्त मथळा वाचायचा. 'क्रिमिनल अपील' एवढे दोन शब्द दिसले की मोबाईल खाली ठेवायचा, चष्मा काढायचा आणि घरातल्या बायकांकडे पाहून मान हलवायची. काकांनी नेमकं हेच केलं असणार. मध्यस्थाने मला ती लिंक पाठवली आणि मी मूर्खासारखा ती पूर्ण वाचत बसलो, म्हणून मला कळलं की त्या मथळ्याखाली काय काय होतं.

अपील २०११ सालचं. औरंगाबाद खंडपीठापुढचं. इथेच कोर्टकचेरी जाणणारा कुणीही थबकला असता, कारण नाशिकचं अपील मुंबईला जातं. औरंगाबादला जातं ते जळगाव, धुळे, नगर, मराठवाडा यांचं. बरं, तेही सोडा. त्या खंडपीठाच्या निकालात पक्षकाराच्या नावाखाली तीन गोष्टी छापलेल्या असतात: वय, धंदा आणि राहणार कुठला. पहिल्याच पानावर. भिंग लागत नाही. तिथे लिहिलं होतं, वय ५२, धंदा व्यापार, राहणार जळगाव जिल्हा. २०११ मध्ये आमचा ज्ञानेश्वर नववीत होता. त्याचा धंदा म्हणजे गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसून डबा खाणे. त्या वयात तो व्यापारी असता आणि त्याने चेक फाडला असता तर अक्काने त्याला हायकोर्टापर्यंत जाऊच दिलं नसतं, घरातच निकाल लावला असता.

हो, केस चेकची. चेक न वटण्याची, १३८ कलमाची. ज्या कलमाखाली आपल्याकडे निम्मे व्यापारी कधी ना कधी एका बाजूला नाहीतर दुसऱ्या बाजूला उभे असतात, ते. अपील कुणाचं होतं? त्या ज्ञानेश्वररावांचं नव्हतंच. पतसंस्थेचं होतं. खालच्या कोर्टाने त्या गृहस्थांना निर्दोष सोडलं, पतसंस्थेला ते पटलं नाही, ती हायकोर्टात गेली, आणि हायकोर्टाने पतसंस्थेचं अपील फेटाळलं. माणूस दोनदा सुटला!

पण काकांचं इंग्रजी बेताचं. म्हणून त्यांनी निकाल मोबाईलच्या भाषांतरात घातला. तो चमत्कारही मी पाहिला, त्यांनी मध्यस्थाला स्क्रीनशॉट पाठवला होता. त्यात खंडपीठाचं 'बाक' झालं होतं. विद्वान वकिलांचे 'शिकलेले वकील' झाले होते. जाब देणार 'प्रतिसादकर्ता' झाला होता. आणि अपील फेटाळलं याच्या जागी छापलं होतं, 'अपील बडतर्फ करण्यात आले.' बडतर्फ! एवढा एक शब्द काकांनी उचलला. मध्यस्थाचा दुसरा फोन आला तो असा: "ते विचारतायत, मुलगा आधीच्या नोकरीतून बडतर्फ का झाला?"

हसू नका. अक्का दोन दिवस जेवली नाही.

पुढचे धडे झटपट घेऊ.

'आणि इतर' या शब्दांत कोण कोण दडलंय ते बघू नका. मथळ्यात पहिलं नाव तेवढं खरं, बाकीचे सात भाऊ देवमाणसं.

वादी आणि प्रतिवादी यांत फरक करू नका. कोर्टात गेला म्हणजे गेला. ज्याची जमीन शेजाऱ्याने बळकावली तोही कोर्टात, बळकावणाराही कोर्टात.

शेवटचं पान वाचू नका, ते वकिलांसाठी असतं.

मुलाकडच्यांनी पोलिसांची चारित्र्य पडताळणी दाखवली तर ती मानू नका. कंपनीने नोकरीवर घेताना मागितलेला दाखला भाच्याने काढून ठेवला होता. तो आम्ही पाठवला. उत्तर आलं, "हे पोलिसांचं झालं. कोर्टाचं काय?" आता कोर्टाचं काय करणार? या नावाचा तो मी नव्हे, असा दाखला कोणतं कोर्ट देतं? नक्कल विभागात अर्ज केला तर झालेल्या निकालाची नक्कल मिळते. न झालेल्या खटल्याची नक्कल कोणत्या खिडकीवर मिळते, हे मी एका ओळखीच्या वकिलांना खरोखर विचारलं. ते हसले आणि त्यांनी चहा मागवला. कोर्टातल्या वकिलाने स्वतःच्या पैशाने चहा पाजला म्हणजे प्रकरण किती गंभीर आहे ते ओळखा.

एक तोडगा मध्यस्थाने सुचवला. मुलाने राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदलून घ्यावं. म्हणजे ३६ पैकी २८ गुण ज्या नावरासावर जुळवले ते नावच जाणार! दुसरा तोडगा आमच्या शेजारणीचा, त्र्यंबकला जाऊन काही शांत करता येते का बघा. कालसर्पाची होते, नागबळीचं होतं, तर नामसाधर्म्यदोषाची का नसावी?

कायद्याकडे जावं तर तिथेही पाटी स्वच्छ नाही. बलात्कारपीडितेची ओळख छापणं गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ७२ आहे. ते योग्यच. पण निर्दोष सुटलेल्या माणसाच्या नावाचं काय? भारतीय वंशाचा एक अमेरिकी नागरिक अमली पदार्थांच्या खटल्यातून सुटला, तरी नाव शोधलं की तोच निकाल वर येतो, नोकरी मिळत नाही, म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात गेला. २०२१ मध्ये न्यायालयाने तो निकाल सर्च इंजिनांतून दिसेनासा करायचा अंतरिम आदेश दिला. मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशाच सुटलेल्या एकाचा निकाल संकेतस्थळावरून काढायला सांगितला, तर त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. आणि आमच्या भाच्याने काय मागायचं? माझं नाव काढा? पण त्यात त्याचं नाव नाहीच! दुसऱ्याचं आहे.

यावर कुणी म्हणेल, मग निकाल झाकून ठेवायचे का? मुळीच नाही. निकाल उघडेच हवेत. पूर्वी एखादा निकाल वाचायचा तर वकिलाच्या कपाटातले जाडजूड खंड उघडावे लागायचे, आणि कपाटाची किल्ली वकिलाच्या कमरेला. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२३ ला ई-एससीआर, म्हणजे आपल्या निकालांचा ऑनलाइन संग्रह, सुरू केला तेव्हा सुमारे ३४ हजार निकाल कुणालाही फुकट वाचता येऊ लागले. माझ्यासारख्या माणसाला, ज्याने वडिलांच्या जमिनीच्या दाव्यात १४ वर्षं 'पुढची तारीख' एवढंच ऐकलं, त्याला याची किंमत माहीत आहे. हे सगळं वाचण्यासाठी खुलं केलंय. वाचण्यासाठी!

आणि लपवतो कशाला, मीही धुतल्या तांदळाचा नाही. गेल्या वर्षी वरची खोली भाड्याने देताना एका पोराचं नाव मीही टाकलं होतं. काहीतरी दिसलं, मी ते पुढे उघडलं नाही, आणि त्याला "खोली गेली" म्हणून सांगितलं. आज तो निकाल शोधावा म्हटलं तर त्या पोराचं पूर्ण नावही आठवत नाही. कदाचित तोही कुणाचा तरी भाचा असेल. आता बसा मामा, सव्याज परत आलंय.

असो. हे तिरकं लिहिणं पुरे झालं. काका, सरळच बोलतो.

तुम्हाला मुलगी द्यायची नव्हती तर नाही म्हणायचं. पगार कमी वाटला, घर लहान वाटलं, पोरगा काळा वाटला, जे असेल ते. नकार ऐकायची आम्हाला सवय आहे, हे सहावं स्थळ होतं. पण तुम्ही आमच्या पोराला गुन्हेगार ठरवलंत, आणि तेही दोन मिनिटं खर्च न करता. पहिल्या पानावर वय होतं, ते वाचलं नाहीत. गाव होतं, ते वाचलं नाही. शेवटच्या पानावर निकाल होता, तिथपर्यंत गेला नाहीत. फोन उचलून "मामा, हा तुमचाच का?" एवढं विचारलं असतंत तर मी आधारकार्ड घेऊन सिन्नरला आलो असतो. त्याऐवजी तुम्ही मध्यस्थाला सांगितलं, त्याने आणखी दोन घरांत सांगितलं, आणि आता अक्काला भाजीवालीसुद्धा विचारते, "ताई, केसचं काय झालं?" ती काय उत्तर देणार? कोणती केस?

तुमच्याच गावात तुमच्या नावाचे किती आहेत, कधी मोजलंत? परवा रात्री रागारागात मी तुमचं नाव टाकलं. चौदा निकाल आले. मी एकही उघडला नाही. उघडला असता तर वय बघितलं असतं, एवढा शब्द देतो.

आणि ते जळगाव जिल्ह्यातले ज्ञानेश्वरराव. त्यांना तर तुम्ही ओळखतही नाही. खालच्या कोर्टाने सोडलं, हायकोर्टाने सोडलं, आणि इतक्या वर्षांनी सिन्नरला एका माणसाने मोबाईलवर बोट फिरवून त्यांना पुन्हा आरोपी केलं. ते आता पासष्टीच्या पुढे असतील. त्यांच्याही घरी लग्नाची मुलं-मुली झाली असतील. त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्यांतही कुणीतरी काका असणार, दोन बशा पोहे खाऊन, घरी जाऊन नाव टाइप करणारा. आणि तिथे तर वयही जुळलं असणार, गावही.