महागाईवर जालीम उपाय: सरासरी व्हा

महागाई तुम्हाला जाणवत असेल, तर तुमचंच काहीतरी चुकतंय. आकडा बघा ना. दर महिन्याला छापून येतो, इवलासा असतो, दशांश चिन्हासकट असतो. तुम्ही तो वाचता, "यांना एकदा पिशवी घेऊन बाजारात पाठवा" असं पुटपुटता आणि पान उलटता. पण आकड्याला नावं ठेवू नका. माणसं दुकानोदुकानी फिरून भाव टिपून आणतात, त्यातून तो निघतो आणि बहुधा बरोबरच असतो. एवढंच की तो तुमचा नसतो. तो सरासरी कुटुंबाचा असतो. आता आकडा काही तुमच्यासाठी बदलणार नाही. तेव्हा शहाण्यासारखं तुम्हीच बदला. सरासरी कुटुंब व्हा.

त्या कुटुंबाची आधी ओळख करून देतो, कारण तुम्ही त्यांना कधी भेटला नसाल. कुणीच भेटलेलं नाही. हे कुटुंब भाड्याच्या घरात राहतं आणि त्याच वेळी स्वतःच्या मालकीच्या घरातही राहतं. त्यांच्याकडे तान्ह्या बाळाची दुपटी आहेत आणि आजोबांची कवळीही आहे. त्यांची पाव मुलगी कॉलेजात जाते. त्यांच्या दारात गाडी उभी असते, पण पूर्ण नव्हे. घरात कुणाला व्यसन नाही, तरी महिन्याकाठी सगळ्यांना चार-चार झुरके मारावे लागतात, कारण बहुतेक देशांत निर्देशांकाच्या टोपलीत, म्हणजे हा आकडा काढताना ज्यांचे भाव धरतात त्या यादीत, तंबाखूलाही जागा असते. सिगारेटवरचा कर वाढला की तुमच्यासारख्या निर्व्यसनी माणसाचीही महागाई कागदावर वाढते. ती अशी फुकट वाया घालवू नका. निदान एक तरी पेटवा.

आणि मुख्य म्हणजे या कुटुंबाला काहीही एकदम होत नाही. इथेच मी गेल्या वर्षी चुकलो. सरासरी कुटुंबाची दाढ बाराही महिने रोज किंचित ठणकते. माझी एकाच रात्री ठणकली, अडीच वाजता, आणि चौथ्या दिवशी रूट कॅनालसाठी मी खुर्चीत आडवा होतो. त्या महिन्याचं हिशेबाच्या वहीतलं पान आत्ता माझ्यासमोर उघडं आहे. पेन्सिलीने आखलेले पाच रकाने: खाणं, घर, जाणं-येणं, औषधपाणी, इतर. औषधपाण्याचा रकाना एरवी अंग चोरून उभा असतो. एखादी खोकल्याची बाटली, एखादी चिकटपट्टी, बस. त्या महिन्यात आकडा मावेना, म्हणून मी तो 'जाणं-येणं'च्या हद्दीत घुसवून आडवा लिहिलाय. शेजारी खाण्याचा रकाना मात्र चक्क उतरलेला दिसतो, कारण चावता येत नव्हतं. खाद्यपदार्थांची आघाडी आटोक्यात, असं पेपरवाल्यांनी लिहिलं असतं.

सारा खेळ या रकान्यांच्या रुंदीचा, म्हणजे एकूण खर्चात कुणाचा किती वाटा याचा आहे. संख्याशास्त्रज्ञ तिला भारांक म्हणतात. समजा, खाण्यापिण्याचे भाव वर्षात १० टक्क्यांनी वाढले आणि बाकी सगळ्याचे २ टक्क्यांनी. ज्याच्या खर्चात खाणं ४० टक्के, त्याची महागाई ५.२ टक्के. ज्याच्या खर्चात ते ७० टक्के, त्याची ७.६. दोघं एकाच दुकानात, एकाच रांगेत, एकामागे एक उभे आहेत. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ साली बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून दाखवलं होतं, की कमाई जितकी तुटपुंजी, तितका पोटावर जाणारा वाटा मोठा. एंगेलसाहेबांनी निदान केलं, औषध मात्र लिहून दिलं नाही. ते मी देतो. कमाई वाढवा. महागाई आपोआप कमी होईल.

ही थट्टा वाटत असेल, तर टोपली भरते कशी ते पाहा. सगळ्या घरांचा खर्च एकत्र करून वाटे काढतात. म्हणजे इथे माणशी एक मत नाही, जितका खर्च तितकी मतं. जो दहापट उधळतो, त्याच्या आवडीनिवडीला दहापट वजन. सरासरी कुटुंब त्यामुळे तुमच्या मधल्या आळीतलं नसतं, जरा वरच्या आळीतलं असतं. तेव्हा सरासरी व्हायचं तर राहणी थोडी उंचवावी लागेल. कर्ज मिळतं.

कर्ज मिळालं की टीव्ही घ्या. हा उपाय मला फार आवडतो. अमेरिकेच्या निर्देशांकात टीव्हीचा भाव १९९७ पासून ९० टक्क्यांहून जास्त उतरलाय. दुकानातली किमतीची चिठ्ठी काही इतकी खाली आली नाही. पण पडदा मोठा झाला, चित्र स्वच्छ झालं, तर त्या सुधारणेचं मोल वजा करून उरेल तो भाव धरायचा, अशी रीत आहे. रीत तर्काला धरूनच आहे, जुन्या डब्याची आणि नव्या पडद्याची तुलना थेट कशी करणार? त्याच काळात त्याच देशात कॉलेजचं शुल्क आणि इस्पितळाचं बिल दुपटीच्याही वर गेलं. आता तुम्हीच ठरवा, मुलीला शिकवायचं की दर महिन्याला एक टीव्ही आणायचा. मुलगी एकदाच शिकते. टीव्ही भिंतीगणिक लावता येतो, आणि प्रत्येक टीव्हीमागे तुमची महागाई खाली येते.

असं का होतं, ते विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली, नाटक-संगीताच्या धंद्याचा हिशेब तपासताना सांगून ठेवलंय. कारखान्यात एक माणूस यंत्राच्या जोरावर पूर्वीच्या कितीतरी पट माल काढतो, म्हणून माल स्वस्त होतो. न्हावी आजही एका वेळी एकच डोकं भादरतो. मास्तरला एका मुलाचा कान धरायला एक हात लागतोच. पण त्यांचा मेहनताना इतरांच्या बरोबरीने वाढवावा लागतो, नाहीतर ते वस्तरा आणि खडू टाकून कारखान्यात जातील. काम तेवढंच, पगार जास्त, म्हणून सेवा महाग. उपाय उघड आहे. जिथे जिवंत माणसाचा हात लागतो, ते सगळं टाळा. केस वाढवा. आजारी पडू नका. म्हातारं तर मुळीच होऊ नका, तो सगळ्यात खर्चिक छंद आहे.

स्वतःच्या घरात राहत असाल, तर तुमचं प्रकरण जरा नाजूक आहे. अमेरिकेत १९८३ पासून असं धरतात, की घरमालक स्वतःच स्वतःला भाडं देतो. मालकाला विचारतात, तुमचं घर आज भाड्याने द्यायचं तर महिन्याला किती येतील? त्याच्या उत्तरावरून त्या कधीही न दिलेल्या भाड्याचा भारांक ठरतो, आणि आजूबाजूची खरी भाडी वाढली की हेही वाढतं. तिथल्या निर्देशांकाचा जवळपास पाव हिस्सा या भाड्याने व्यापलाय. युरोपीय संघाच्या सामायिक निर्देशांकात उलट तऱ्हा. मालकीच्या घरात राहण्याचा खर्च त्यांनी बाहेरच ठेवलाय, जणू मालक तंबूत राहतो. यातलं जे सोयीचं ते घ्या. मी अमेरिकन पद्धत करून पाहिली. एक तारखेला डाव्या खिशातले पैसे उजव्या खिशात ठेवले. नळ गळायला लागला तेव्हा मालकाकडे तक्रारही केली. मालक आरशात होता, तो म्हणाला, बघतो. आणि हो, गृहकर्जाच्या मुद्दलाला महागाईत धरायचं नाही, ती गुंतवणूक असते. हप्ता गेल्यावर खात्यात उरतं काय, ते बघून रडायला येत असेल, तर गुंतवणूकदारासारखं रडा.

इतकं सगळं जमत नसेल, तर सरळ खाणं आणि इंधन मोजायचं सोडून द्या. हा माझा शोध नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर हे दोन रकाने झाकून उरलेली महागाई बघण्याची पद्धत रूढ झाली, तिला गाभा महागाई म्हणतात. मध्यवर्ती बँकेच्या दृष्टीने ते शहाणपणाचंच आहे. या दोन्हींचे भाव पावसावर आणि दूरच्या तेलविहिरींवर खाली-वर होतात, आणि व्याजदर वाढवून पाऊस पडत नाही. तुम्हीही स्वयंपाकघराला कुलूप लावा, गाडीची टाकी कोरडी ठेवा आणि घराच्या गाभ्यात बसून राहा. फार शांत वाटतं तिथे. इंधन पुन्हा स्वस्त झालं की बाहेर या. थोडी वाट पाहावी लागेल, कारण इंधनाचे भाव रॉकेटसारखे चढतात आणि पिसासारखे उतरतात, असं अर्थशास्त्रज्ञच म्हणतात.

आणि रोज बाजारात जाणं बंद करा. ज्याचा भाव रोज विचारावा लागतो, तोच माणसाच्या डोक्यात बसतो. विमानाचं तिकीट उतरलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. वर्षाचं वाणसामान एकदम भरा, विमानाची चौकशी रोज करा, मन रमेल.

साबणाच्या वडीकडे मात्र बारकाईने पाहू नका. मी परवा पाहिली. वेष्टण तेच, किंमत तीच, पण वडीच्या पोटाला एक सुबक खळगा पडलाय, हातात चांगली बसावी म्हणून असेल. शंभर ग्रॅमची नव्वद झाली, की भाव ११.१ टक्क्यांनी वाढलेला असतो. इथे संख्याशास्त्रज्ञाला फसवता येत नाही, तो वजनावरून भाव काढतो. पण 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे ऐकत पाऊण तास गेला, तर तो कुठल्या रकान्यात लिहायचा? वर्षापूर्वी दहा मिनिटांत माणूस बोलायचा. त्या पस्तीस मिनिटांना भारांक नाही. ती 'इतर'मध्येही बसत नाहीत, मी प्रयत्न केला.

ज्यांचं निवृत्तिवेतन निर्देशांकाला बांधलेलं आहे, त्यांनी तर सरासरी व्हायलाच हवं. अमेरिकेत ६२ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी वेगळा, संशोधनापुरता निर्देशांक काढतात, त्यात औषधपाण्याला जास्त वजन असतं. पण तिथल्या सार्वजनिक निवृत्तिवेतनातली वाढ मात्र शहरी नोकरदार-कामगारांच्या टोपलीवरून ठरते. म्हणजे आजोबांच्या गोळ्यांचं बिल, नातवाच्या पेट्रोलवरून. आजोबांनी गोळ्या कमी करून नोकरीला ये-जा सुरू करावी, हा त्यातला स्पष्ट इशारा त्यांना अजून कळलेला दिसत नाही.

खरं तर हा उद्योग सुरू झाला तेव्हा सरासरी नव्हतीच. ऑक्सफर्डमधल्या एका महाविद्यालयाचा पंधराव्या शतकातला नियम होता, की ज्याची खासगी मिळकत वर्षाला पाच पौंडांहून जास्त, त्याने तिथली अभ्यासवृत्ती सोडायची, आणि नियम पाळण्याची शपथ घ्यावी लागे. अडीचशे वर्षांनी प्रश्न पडला, की सहा पौंडवाल्याने शपथ मोडली का? विल्यम फ्लीटवुड नावाच्या धर्मोपदेशकाने १७०७ साली जुने भाव धुंडाळले, त्या एका अभ्यासकाला लागेल तेवढं धान्य, मांस, पेय आणि कापड मांडलं, आणि सांगितलं की जुन्या पाच पौंडांत जे यायचं त्याला आता कितीतरी जास्त लागतात. बिचाऱ्याने अभ्यासवृत्ती खुशाल ठेवावी. टोपली एका माणसाची, उत्तरही त्याच माणसाचं. किती मागासलेली पद्धत!

शेवटचा उपाय सगळ्यात स्वस्त आहे, त्यात फक्त वाट बघायची. शंभराची वस्तू सव्वाशेला गेली, की बोंब होते, २५ टक्के! पुढच्या वर्षी तीच १३० झाली, की बातमी येते, महागाई ४ टक्क्यांवर उतरली. भाव उतरलेला नसतो, चढण्याचा वेग उतरलेला असतो. तुलना गेल्या वर्षाशी, आणि गेलं वर्ष आधीच उंच बसलेलं. हे कळल्यावर मला एकदम हलकं वाटलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात दंतवैद्यांनी आरसा आत घालून सांगितलं, की दुसऱ्या बाजूची दाढही गेली आहे.

"दर तोच?" मी विचारलं.

"तोच."

"मग करून टाका. गेल्या वर्षीही एक केली होती, त्याच दराने. म्हणजे माझी दाढांची महागाई यंदा शून्य टक्के."

"आ करा," ते म्हणाले.