आधी दुकानं, मग खाणं!

एका लेखात वाचलं की आधी भरपेट खायचं आणि मग सेकंडहँड कपड्यांची दुकानं फिरायची, मला मात्र उलटं करायला आवडतं. भरल्या पोटी पॅन्ट घालून बघितली की अंदाज चुकतोच, आणि माप हाच तिथला सगळ्यात मोठा घोळ, लेबलवरच्या नंबरवर अजिबात जाऊ नका, जुन्या कपड्यांचे साइज बरेचदा आजच्यापेक्षा लहान निघतात, त्यात आधीच्या मालकाने धुऊन धुऊन आटवलेलं असतं ते वेगळंच, त्यामुळे आपल्याला नीट बसणारा शर्ट घरीच मोजून आकडे फोनमध्ये लिहून न्या आणि टेप बॅगेत टाका. कपडा उजेडात धरायचा, काखा, कॉलर, मांडीजवळची शिवण बघायची, चेन दोनचारदा वरखाली करायची. बटण नंतर लावता येतं हो, पण विरलेल्या कापडाला इलाज नाही. लोकरीला कसरीची भोकं दिसली तर सरळ ठेवून द्या.

एका सुती टीशर्टमागे साधारण २७०० लिटर पाणी लागतं म्हणतात, म्हणून चांगला जुना मिळाला की मला खरंच मनापासून बरं वाटतं.

खायचं कुठे हे दुकानदारालाच विचारा, तो रोज तिथेच जेवतो ना! फक्त दुपारची गर्दी ओसरल्यावर जा, पिशव्या ठेवायला जागा मिळते आणि कोणी उठा म्हणत नाही.