तुम्ही मूळचे कुठले?

काल रात्री ऑफिसच्या ग्रुपवर सहलीचे फोटो आले. एकशे बारा. त्यातल्या नऊ फोटोंत मी आहे आणि नऊपैकी एकाही फोटोत मला तोंड नाही. हेल्मेट आहे, हार्नेसचे पट्टे आहेत आणि मधोमध पोट आहे. तोंडाच्या जागी धबधबा. या फोटोंचे माणशी साडेतीनशे रुपये वेगळे होते आणि ते कंपनी देणार नव्हती, आपापले द्यायचे होते. मी अकाउंट्सला आहे. साडेतीनशे भागिले नऊ, म्हणजे मला माझं पोट नगाला एकोणचाळीस रुपये पडलं. खाली पोरांनी हसून रडणारे चेहरे टाकलेत. साहेबांनीसुद्धा अंगठा दिलाय. साहेब स्वतः आले नव्हते, त्यांना स्पाँडिलायटिस आहे. तो वर्षातून एकदा, टीम बिल्डिंगच्या आदल्या आठवड्यात येतो.

एचआरच्या मुलीने मेलमध्ये लिहिलं होतं, सकाळी राफ्टिंग आणि दुपारी कॅन्योनिंग. मी घाईत ते कॅटरिंग असं वाचलं आणि 'हो' म्हणून टाकलं.

पहाटे साडेचारला चांदणी चौकातून बस सुटली. ताम्हिणीमार्गे कोलाड. पौड गेलं, उजाडता उजाडता मुळशीचं पाणी दिसायला लागलं आणि मला राहवलं नाही. मी शेजारच्या पोराला म्हटलं, "अरे, आपण ज्या पाण्यावर उड्या मारायला चाललोय ना, ते हेच." त्याने एका कानातलं यंत्र काढलं, म्हणून मी पुढे सांगितलं. हे मुळा नदीचं पाणी. सरळपणे ते पुण्याकडे यायचं. पण टाटांनी इथे धरण बांधलं, पाणी बोगद्यातून उलट्या दिशेला नेलं आणि मोठमोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं. १९२७ पासून ते तिथे पडतंय. वीज करून झाली की ते कुंडलिकेत जातं, म्हणून कोलाडला भर उन्हाळ्यातही राफ्ट चालतात. म्हणजे आधी पुण्याचं पाणी कोकणात पाठवलं, आणि आता पुणेकर पैसे भरून त्या पाण्यावर बसायला कोकणात जातात.

पोरगा म्हणाला, "क्रेझी."

मग मी १९२१ च्या मुळशी सत्याग्रहावर आलो. या तळ्याखाली मावळातल्या लोकांची भातखाचरं आहेत, घरं आहेत, देवळं आहेत. आधी जमीन खणायला घेतली आणि मग मालकाला कळवलं, असा तो कारभार. सेनापती बापटांनी त्यापायी तुरुंग पाहिला. "बापट म्हणजे कोण?" पोराने विचारलं. आमचं ऑफिस सेनापती बापट रस्त्यावर आहे. हा मुलगा गेली तीन वर्षं रोज दोनदा त्या माणसाच्या नावावरून बाइक नेतोय. मी उत्तर देईपर्यंत यंत्र परत कानात गेलं होतं.

असो. राफ्टिंगचं फार सांगण्यासारखं नाही, कारण मी ते केलंच नाही. तिथे आधी एका फॉर्मवर सही घेतली. मी मेलो तर त्याला मीच जबाबदार, हे मी मान्य केलं. (फॉर्म पूर्ण वाचणारा बेचाळिसांत मी एकटा. कलम सातमध्ये स्पेलिंगची चूक होती, ती दाखवली, कुणाला आवडलं नाही.) मग लाइफ जॅकेट. ते घालताना पट्टे आवळणारा माणूस गुडघा आपल्या पाठीत रोवून ओढतो, होल्डॉल बांधतात तसं. आमच्या राफ्टचा गाइड नेपाळचा होता, त्रिशूली नदीवर शिकलेला. पोरगा हाताखालची नदी पाटीसारखी वाचत होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त त्याने सगळ्यांना वल्ही वाटली आणि माझ्यापाशी येऊन थांबला. वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाला, "अंकल को पॅडल मत दो. अंकल बॅलन्स है."

अशा रीतीने मी बारा किलोमीटर वजन म्हणून गेलो. 'फॉरवर्ड' अशी आरोळी आली की पोरं वल्ही मारायची आणि मी मध्ये बसून असायचो. लाट आली की गाइड ओरडायचा, "अंकल, लेफ्ट!" मी डावीकडे सरकायचो. "अंकल, राइट!" नद्यांना एक ते सहा असे वर्ग देतात, त्यात कुंडलिकेचा खळाळ दोन-तीनचा. बालवाडी नाही आणि बारावीही नाही. प्रत्येक खळाळ पार झाला की पोरं वल्ही उंच करून एकमेकांवर आपटायची. माझ्याकडे वल्हं नव्हतं. मी टाळी वाजवायचो. एकट्याने.

पण खरा प्रसंग दुपारचा, कॅन्योनिंगचा, म्हणजे दोरावरून धबधबा उतरण्याचा. भिऱ्याच्या अलीकडे एक धबधबा होता. आयोजक म्हणाले नव्वद फूट, मला सत्तर वाटला, लटकल्यावर दोनशे झाला. तंत्र सोपं असतं. कमरेला हार्नेस, हार्नेसला इंग्रजी आठाच्या आकाराची एक धातूची कडी, तिच्यातून दोर ओवलेला. उजवा हात कमरेमागे, पाय खडकाला काटकोनात, आणि दोर सोडत सोडत मागे चालायचं. खाली एक पोरगा त्याच दोराचं टोक धरून उभा असतो. आपला हात सुटला तर त्याने दोर खेचायचा, की आपण जागच्या जागी थांबतो. अर्धं अंतर मी झकास उतरलो, हे कुणाच्या फोटोत नाही. मग माझा टी-शर्ट त्या आठामध्ये ओढला गेला.

हा टी-शर्ट मुलीने तिच्या पहिल्या स्टायपेंडमधून आणलेला. एक साइझ मोठा. "बाबा, वाढत्या अंगाचा घेतलाय," असं म्हणून. तर तो शर्ट दोराबरोबर कडीत शिरला आणि पाचर बसली. अशी पाचर भार काढल्याशिवाय निघत नाही, आणि भार म्हणजे मी. वरून पाणी हेल्मेटवर कोसळतंय, एक पाय खडकावर, एक हवेत, शर्ट गळ्यापर्यंत वर गेलेला. वर एक गाइड आणि खाली एक पोरगा, बेचाळीस माणसांना. वरचा ओरडला, "काका, घाबरू नका, येतो!" आणि आला नाही.

त्या वेळी खालून आवाज आला.

"अहो भाऊ! अडकलात का?"

डोहाच्या काठावर डोंबिवलीहून आलेली भिशीची मंडळी बसली होती. वीस-पंचवीस बायका, सतरंज्या, डबे. त्यातल्या एक काकू उठून अगदी दोरापाशी आल्या होत्या. डोक्याला साड्यांच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी बांधलेली, हातात स्टीलचा डबा.

"हो!" मी ओरडलो.

"कुठले तुम्ही?"

"पुण्याचे!"

"पुण्याचे सगळेच असतात हो! मूळचे कुठले?"

माणूस दोरीवर लटकलेला असताना त्याचं मूळ गाव विचारणारी जमात जगात एकच असावी. आणि त्याचं उत्तर देणारीही तीच. मी सगळा जीव एकवटून ओरडलो, "वाई!"

"वापी?"

"वाई! वाई!"

"अगं, वापीचे आहेत," काकूंनी मागे वळून मंडळाला कळवलं. "आणि आडनाव?"

"जोशी!"

"दोशी! बरोबर, वापीचे म्हणजे दोशीच. दोशीभाई, मराठी किती छान बोलता हो तुम्ही!"

मी कृष्णाकाठचा आहे, मेणवलीच्या घाटावर पोहायला शिकलो, वगैरे बरंच काही ओरडलो. त्यातलं बहुतेक पाण्यात गेलं. आता माझी माहिती तोंडातोंडी मागच्या सतरंजीपर्यंत पोचत होती आणि जाता जाता वाढत होती. तिसऱ्या सतरंजीवर पोचेपर्यंत माझा कापडाचा धंदा निघाला होता.

एवढ्यात काकूंचं लक्ष खाली दोर धरून उभ्या असलेल्या पोराकडे गेलं. "काय रे बाळा, जेवलास का?" पोरगा म्हणाला, नाही, सकाळपासून वेळच नाही मिळाला. झालं. "मला शनिवार आहे, खिचडीच आहे, पण खाऊन घे." पोरगा म्हणाला, हात मोकळे नाहीत. "हात कशाला लागतात? आ कर." माझ्या आयुष्याचं दुसरं टोक ज्या पोराच्या मुठीत होतं, त्याला काकू चमच्याने साबुदाण्याची खिचडी भरवत होत्या, हे मी चाळीस फुटांवरून पाहिलं. तिसऱ्या घासाला त्याला ठसका लागला. दोर हलला. मी हललो. "पाणी पी, पाणी पी," म्हणत काकूंनी बाटली काढली आणि मला वर हाक मारली, "तुम्हाला ठेवते हो थोडी, दोशीभाई!"

पोरगा उपाशी होता ही गोष्ट मात्र मला खटकली, आणि अजून खटकते आहे. माणशी दोन हजार घेतात. बेचाळीस माणसांचे जीव सांभाळायला दोन पोरं, आणि त्यांतल्या एकाला घास भरवायला परक्या बाईने यावं लागतं. आमच्या जेवणात गुलाबजाम होते.

"मुलंबाळं?" काकूंचं चालूच.

"एक मुलगी!"

"किती वर्षांची?"

"एकवीस!"

भिशीत एकदम शांतता झाली. एवढी, की धबधब्याचा आवाज कमी झाल्यासारखा वाटला. "नंबर द्या," काकू म्हणाल्या. लटकवलेला माणूस विचाराल ते सांगतो, हे आता मी अनुभवाने सांगू शकतो. मी दहाच्या दहा आकडे दिले. एकेक आकडा मी वरून ओरडायचो आणि अख्खी भिशी पाढ्यासारखी मागोमाग म्हणायची. शेवटी काकूंनी सगळा नंबर परत म्हणून दाखवला. बरोबर होता. माझं गाव आणि आडनाव सोडलं तर त्या बाईने काहीही चुकीचं ऐकलं नाही.

हे सगळं होईपर्यंत वीस मिनिटं गेली. का गेली, ते मला बसमध्ये कळलं आणि त्यानंतर मी कुणाशी बोललो नाही. धबधब्याला दोर दोन होते. एक उतरणाऱ्याचा. दुसरा सुटकेचा, म्हणजे माझ्यासारखा कुणी अडकला तर वरच्या गाइडने त्यावरून खाली यायचं. तो दुसरा दोर रिकामा नव्हता. त्यावर फोटोग्राफर होता. साडेतीनशे रुपयांचे फोटो काढायला तो माझ्यापासून सहा फुटांवर लटकला होता आणि मी हात करून बोलावतोय म्हटल्यावर त्याला वाटलं, मी पोज देतोय. त्याने अंगठा दाखवला. ते नऊ फोटो तेव्हाचे. हे मी आयोजकांना विचारलं, तर ते म्हणाले, "काका, कंटेंट पण लागतो ना."

अखेर फोटोग्राफर उतरला, गाइड आला, मला त्याच्या दोराला लटकवलं आणि सुरीने टी-शर्ट कापला. बेंबीपासून काखेपर्यंत. मी खाली पोचलो तेव्हा भिशीने टाळ्या वाजवल्या आणि आमच्या पोरांनी शिट्ट्या. काकूंनी डबा पुढे केला. तळाशी दोन चमचे खिचडी होती, आणि खोटं कशाला बोलू, तशी खिचडी मी आयुष्यात खाल्लेली नाही. दाण्याचं कूट जाडसर, तूप सढळ, हिरवी मिरची. मी उभ्या उभ्या, ओला, फाटका, डबा चाटून खाल्ला. त्यानंतर काकूंना हेल्मेट घालून, हातात वल्हं देऊन, खडकावर उभं करून आमच्या त्या फोटोग्राफरने फोटो काढला. बाई घोट्याच्या वर भिजली नव्हती. त्या एकशे बारांत तो फोटो पहिला आहे. तोंड स्वच्छ आलंय. माझ्या वाट्याला सकाळी न आलेलं वल्हं त्यांच्या हातात आहे.

टी-शर्टचं मुलीला अजून सांगितलेलं नाही. बायकोने तो पाहिला आणि फरशी पुसायला घेतला.

आज दुपारी एचआरकडून अभिप्रायाचा फॉर्म आला, 'तुम्हाला टीमच्या अधिक जवळ आल्यासारखं वाटलं का, एक ते पाच गुण द्या.' तो भरत होतो तेवढ्यात फोनवर अनोळखी नंबरवरून मेसेज आला. आधी एका मुलाची माहिती, उंची, पगार, डोंबिवलीत स्वतःचा फ्लॅट. खाली एक फोटो. काकूंनी त्यांच्या फोनवरून काढलेला असणार. माझा दोरीवरचा. यात तोंड आलंय. पूर्ण उघडं, डोळे मिटलेले, बहुधा 'वाई' म्हणतानाचं.

आणि त्याखाली लिहिलं होतं:

'नमस्कार दोशीभाई. हा फोटो मुलाच्या घरी दाखवला. त्यांना गुजराती चालेल. फक्त विचारतात, मुलगी आईवर गेली आहे ना?'