जागल्याचे वकीलपत्र

मी २००३ साली सनद घेऊन साताऱ्यात वकिली सुरू केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंते सत्येंद्र दुबे यांचा गयेत खून झाला. रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहून कळवला होता आणि आपले नाव गुप्त ठेवावे, अशी विनंतीही केली होती. ती बातमी मनातून गेली नाही, आणि पुढे अशाच माणसांची वकीलपत्रे माझ्याकडे येत गेली. आपल्याकडे त्यांना जागल्या म्हणतात. गावगाड्यातल्या जागल्याला राखणीबद्दल सुगीत धान्य मिळे. आताच्या जागल्याच्या हाती कारणे दाखवा नोटीस पडते.

सूड म्हणजे मारहाण किंवा तडकाफडकी बडतर्फी, असे लोकांना वाटते. मी पाहिलेला सूड बहुतेक वेळा जावक क्रमांक घालून, रीतसर सहीशिक्क्यानिशी येतो. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचे लिपिक माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या खिशात एक छोटी डायरी होती. ट्रॉलीचा नंबर, कारखान्याच्या काट्यावरचे वजन आणि शेतकऱ्याने वाटेतल्या खासगी काट्यावर करून आणलेले वजन, असे तीन रकाने. हाताळून हाताळून पानांच्या कडा काळ्या पडलेल्या. काटामारीची, म्हणजे वजन कमी दाखवण्याची, लेखी तक्रार त्यांनी वजनमापे तपासणाऱ्या वैधमापन खात्याकडे केली. अकराव्या दिवशी त्यांची बदली लांबच्या गट ऑफिसला झाली, महिन्याभरात निलंबन आले, आणि आरोपपत्रात ठपका होता तो दोन वर्षांपूर्वी पाळी संपण्याआधी चाळीस मिनिटे निघून गेल्याचा. तक्रारीचा उल्लेख कुठेही नव्हता. तो कधीच नसतो.

त्यामुळे तक्रारीची पोहोच आणि बदलीचा आदेश यांच्यातले दिवस मोजणे, हेच माझे मुख्य काम होऊन बसले. १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या कायद्याखाली सूडबुद्धीच्या कारवाईविरुद्ध दाद मागता येत असे, पण ९० दिवसांच्या आत. आणि मालकाचा पहिला आक्षेप ठरलेला असे, की हा माणूस कामगार नसून पर्यवेक्षक आहे. आमच्या लिपिकांच्या हाताखाली दोन हमाल होते, एवढ्यावर हा मुद्दा वर्षभर लढवला गेला. चोरी दिसते ती बहुधा देखरेख करणाऱ्याला, आणि नेमका तोच कायद्याच्या कुंपणाबाहेर राहतो, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

संसदेने २०१४ साली जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, परंतु तो अद्याप अमलात आणलेला नाही. सूड उगवलेला नाही हे सिद्ध करण्याचा भार त्यात सरकारी कार्यालयावर टाकला आहे. या एका तरतुदीसाठी तरी तो लागू व्हायला हवा, आणि खासगी व सहकारी नोकरीलाही तोच नियम हवा, असे माझे ठाम मत आहे. आज तो भार निलंबित माणसाच्या डोक्यावर आहे, आणि ज्या दप्तरातून पुरावा काढायचा त्याच्या किल्ल्या मालकाकडे आहेत.

साताऱ्यात रामशास्त्री प्रभुण्यांचा दाखला हटकून दिला जातो. त्यांचे गाव माहुली इथून जवळच आहे. रघुनाथरावांना दोषी ठरवून शास्त्रीबुवांनी पुणे सोडले, हे खरेच मोठे. पण काट्यावरच्या लिपिकाला घरकर्जाचा हप्ता असतो, मुलीची फी भरायची असते. म्हणून अंतिम निकालाइतकीच मी निलंबनाच्या काळात मिळणाऱ्या निर्वाह भत्त्यासाठी भांडते. घरात चूल पेटती राहिली तर अशील तारखेला येतो. नाहीतर दोन वर्षांत थकून राजीनाम्यावर सही करतो, आणि तशी सही माझ्या डोळ्यांदेखत झाली आहे. आमच्या लिपिकांचा पहिला भत्ता जमा झाला, त्या दिवशी त्यांच्या पत्नी पासबुक घेऊन ऑफिसात आल्या आणि ती नोंद त्यांनी मला बोट ठेवून दाखवली. प्रकरण अजून चालू आहे.

नवीन वकिलांनी या कामाकडे वळावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि कोणी अशी तक्रार केली असेल, तर पोहोच जपून ठेवा आणि मुदत टळण्याआधी वकिलाकडे जा. आदेश ज्या लिफाफ्यातून आला, तोही फेकू नका. त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्याची तारीख लागते.