झार पीटर आणि ‘नष्ट झालेली’ गुलामगिरी

रशियाचा झार पहिला पीटर याच्यावरचा एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. अंधारात चाचपडणारा रशिया त्याने एकहाती आधुनिक केला, गुलामगिरी नष्ट केली आणि जन्मापेक्षा कर्तृत्वाला मान दिला, असे त्यात म्हटले आहे.

‘एकहाती’ हा शब्द लगेच खोडता येतो. परकीय अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या नव्या पलटणी पीटरच्या वडिलांच्या काळातच उभ्या राहिल्या होत्या, आणि मॉस्कोतली जी परदेशी वसाहत पीटरला तरुणपणी भुरळ घालत असे, ती १६५२ सालची.

गुलामगिरीचा दावा मात्र नीट तपासायला हवा, कारण तो निव्वळ खोटा नाही. १७२३ साली ‘खोलोप’ म्हणवला जाणारा गुलामांचा वर्ग कागदोपत्री खरोखरच संपला. पण तो स्वतंत्र झाला नाही. त्याची गणना भूदासांत, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांत झाली, आणि त्यामागचे कारण दयेचे नसून वसुलीचे होते. खोलोप कर भरत नसे, म्हणून जमीनदार भूदासांना खोलोप ठरवून कर चुकवू शकत. पीटरला तर सैन्यासाठी पैसा हवा होता. त्याने घरागणिक कर मोडून डोईपट्टी बसवली, १७२४ पासून दर पुरुषामागे ७४ कोपेक (१०० कोपेकचा एक रूबल), आणि ती वसूल करण्याची जबाबदारी जमीनदारावर टाकली. साहजिकच भूदासावरची त्याची पकड अधिक घट्ट झाली. कामासाठी दूर जायचे तर मालकाची लेखी परवानगी लागू लागली. १७२१ च्या फर्मानाने व्यापाऱ्यांनाही कारखान्यांसाठी माणसांसकट गावे विकत घेण्याची मुभा दिली. ज्या कारखान्यांकडे आपण आधुनिकतेची खूण म्हणून बोट दाखवतो, त्यांतले अनेक अशा बांधील मजुरांवर चालत. (दाढी ठेवणाऱ्यांवर पीटरने बसवलेल्या कराचा किस्सा त्या फिरत्या मजकुरातही आहेच, डोईपट्टीचा उल्लेख नाही.)

कर्तृत्वाच्या मुद्द्यात तथ्य आहे. लष्करी आणि सरकारी पदे लावून देणाऱ्या १७२२ च्या १४ श्रेणींच्या कोष्टकाने सामान्य घरातल्या माणसालाही चाकरीच्या बळावर सरदारकी मिळवण्याची वाट खुली केली, आणि ती पुढे जवळजवळ दोन शतके टिकली. मात्र ही चाकरी ऐच्छिक नव्हती. सरदारांना ती सक्तीची होती, आणि १७०५ पासून दर २० घरांमागे एक याप्रमाणे उचललेल्या शिपायाला तर ती जन्मभराची होती. सरदारांची सक्ती १७६२ साली तिसऱ्या पीटरने माफ केली. भूदासांची सुटका झाली ती १८६१ साली.