सातशे तास आणि आमचा वॉचमन

झालं एकदाचं. दीड वर्ष रखडलेलं ट्रेनिंग मागच्या महिन्यात संपलं आणि आता मी जर्मनीत, बाहेरून आलेल्या लोकांना, जर्मन शिकवू शकते! पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकताना कुणी हे सांगितलं असतं तर हसले असते. इथे न्यूर्नबर्गला आल्यावर पहिली दोन वर्षं घर शोधणं, लेकीचं किंडरगार्टन आणि सरकारी पत्रं वाचणं यातच गेली, अभ्यास व्हायचा तो रात्री भांडी आवरल्यावर.

आता होतं काय, की फॅमिली ग्रुपवर मराठीवरून वाद पेटला की दादा मला ओढतो. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर आला, जूनच्या शेवटी मागे घेतला, तेव्हापासून ग्रुप शांत नाही, त्यात जुलैमध्ये मीरा रोडच्या दुकानदाराला मराठीवरून मारल्याचा व्हिडिओ आला. दादाचं म्हणणं ठरलेलं, "अगं तूच सांग यांना, जर्मनीत जर्मन आल्याशिवाय उभं तरी करतात का?"

दादा, करतात रे. तुझे मेहुणे सहा वर्षं इथे आहेत, आयटीत आहेत, ऑफिस इंग्लिशमध्ये चालतं आणि त्यांचं जर्मन अजून बेकरीच्या पुढे गेलेलं नाही. त्यांना कुणी विचारलेलं नाही. सक्ती आहे, खोटं कशाला बोलू, पण ती जास्त करून ज्याला सरकारी भत्ता मिळतो त्याच्यावर, कोर्स बुडवला तर त्याचे पैसे कापतात. म्हणजे इथेही काठी गरिबाच्याच पाठीत, तसंच आपल्याकडे मराठी येत नाही म्हणून डिलिव्हरीवाल्या पोराला धरतात, मॅनेजरला कोण धरतंय?

पण फरक आहे, आणि तो ग्रुपवर लिहायला गेले तर फार लांब होतं म्हणून इथे लिहितेय. २००५ पासून इथे इंटेग्रेशन कोर्स आहे. ६०० तास भाषा, वर १०० तास देशाचा कायदा, इतिहास, समाज. तास ४५ मिनिटांचा. फी तासाला साधारण सव्वादोन युरो, भत्त्यावर असेल त्याला माफ. शिकवणाऱ्याला बाम्फची, म्हणजे स्थलांतरितांच्या केंद्रीय ऑफिसची, परवानगी लागते, त्याचंच हे माझं ट्रेनिंग. म्हणजे 'भाषा बोला' ही मागणी आधी आणि वर्ग मग कधीतरी, असं नाही, दोन्ही एकत्र. (सगळं गोड आहे असंही नाही, शिक्षक बहुतेक तासांवर, कोर्स नाही तर पगार नाही.)

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र नाही हां. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागानेच राज्य मराठी विकास संस्थेबरोबर अमराठी मोठ्या माणसांसाठी 'माय मराठी' ही पुस्तकं केली आहेत, परकी भाषा शिकवायची जी पद्धत आम्ही जर्मनसाठी वापरतो त्याच पद्धतीने. आमच्या ग्रुपवर २७ माणसं तावातावाने भांडतात, एकालाही हे माहीत नव्हतं. मलाही इथे येऊन कळलं.

ट्रेनिंगमध्ये सगळ्यात जास्त बोलणी कशावरून खाल्ली सांगू? व्याकरणावरून नाही. डेर, डी, डास मराठी माणसाला काय जड, आपण तो-ती-ते वरच वाढलो, आणि 'त्साइट' (वेळ) या शब्दातला 'त्स' तर आपल्या 'चांगला'मधल्या 'च'सारखाच. माझा डेमो तास होता, विषय डॉक्टरकडची अपॉइंटमेंट. एक सीरियन बाई, चाळिशीच्या, वाक्य जुळवत होत्या, अडकल्या, आणि मी प्रेमाने पुढचा शब्द सांगितला. तीनदा. तास संपल्यावर ट्रेनर म्हणाली, तू दोन सेकंदही थांबत नाहीस, त्या बाईंचं वाक्य तू चोरलंस.

चोरलंस! मला राग आला होता. पण संध्याकाळी बेकरीत गेले, इथल्या फ्रँकिश बोलीत ब्रोटशनला, म्हणजे छोट्या पावाला, 'वेग्ला' म्हणतात, मी मुद्दाम दोन वेग्ला मागितले, तर काउंटरवरच्या पोरीने माझ्या तोंडाकडे बघून इंग्लिश सुरू केलं. बिचारी मदतच करत होती.

आणि आपण काय करतो मग? पुण्याच्या आमच्या सोसायटीचा वॉचमन बिहारचा, बारा वर्षं झाली. त्याला मराठी सगळं कळतं, माझ्या भाच्याला क्रिकेटवरून मराठीत चिडवतो. पण मोठं माणूस समोर आलं की दोघंही हिंदीवर. आई तर "भैया, टाकी का पानी कब आयेंगा" हे असलं बोलते, आणि वर येऊन टीव्हीसमोर म्हणते, यांना मराठी शिकायलाच नको. बारा वर्षांत त्याचं एक वाक्य कुणी पुरं होऊ दिलंय का?

डिसेंबरमध्ये गेले तेव्हा आईला म्हटलं, त्याच्याशी मराठीत बोल, आणि तो अडकला की थांब, लगेच हिंदीत उडी मारू नकोस. आई म्हणाली, "तुझं बरंय, तुला थांबायचा पगार मिळणारे, मला पाणी जायच्या आत टाकी भरायचीये."

तरी परवा फोनवर बोलताना मागून आवाज आला, "काकू, पाणी... पाणी येऊन ऱ्हायलं." आई त्याला म्हणाली, "अरे आलं म्हण, ऱ्हायलं काय, नागपूरचायस का तू?"

मी इकडून ओरडले, आई, दुरुस्त करू नकोस गं लगेच.

"आता हिचा तास चालू," म्हणाली आणि फोन ठेवून टाकी बघायला गेली.