पहिल्या नंबरचं पॅकेज आणि तिसावा मुलगा

बारावीचा निकाल लागला की आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो मला चार ग्रुपांवर आला. त्यातलं म्हणणं असं: कॉलेजचं नाव मोठं असलं की करिअर झालंच, शाखा कुठलीही चालेल, पॅकेजचा आकडा बघून कॉलेज ठरवा, बडोद्यात राहाल तर विहिरीतले बेडूक व्हाल, आणि खर्चाची काळजी नको, वीस लाखांचं कर्ज दोन वर्षांत फिटतं.

मी मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं आहे आणि नव्या पोरांच्या मुलाखतींना बसतो. गप्प राहवलं नाही.

आधी नावाचं. हे साफ खोटं नाही, म्हणूनच घातक आहे. अमेरिकेत स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या दोघा अर्थतज्ज्ञांनी २००२ साली एक अभ्यास छापला. सारख्या कुवतीच्या, सारख्याच कॉलेजांत प्रवेश मिळालेल्या मुलांची त्यांनी तुलना केली. काही नामांकित ठिकाणी गेली होती, काही साध्या. पुढच्या कमाईत सरासरी फारसा फरक निघाला नाही. गरीब घरातल्या मुलांना मात्र मोठ्या कॉलेजाचा फायदा झालेला दिसला. २०२३ साली राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी हार्वर्डसारख्या मोजक्या बारा कॉलेजांचा हिशेब मांडला: सरासरी कमाई तिथेही विशेष वाढत नाही, पण सगळ्यात वरच्या एक टक्क्यात पोचण्याची शक्यता दीडपट होते. तिथली कॉलेजं वेगळी, आपली वेगळी. पण इथेही विचारायचं तेच. कॉलेजमुळे पोरगा चमकला, की चमकणारी पोरं गोळा केल्यामुळे कॉलेज? ज्याच्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्याला मोठं नाव मिळत असेल तर त्यानं जरूर घ्यावं. डॉक्टरांच्या मुलाचं त्यावाचून फार अडत नाही.

‘शाखा कुठलीही’ हे मात्र ज्यानं लिहिलं त्यानं केमिकल इंजिनिअरिंगची पाचवी सेमिस्टर काढलेली नसावी. चार वर्षं नावडतं शिकलेला मुलगा मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत ओळखू येतो.

आता पॅकेज. साठ जणांचा वर्ग धरा. चाळीस जणांना नोकरी लागली. एकाला ४४ लाख, बाकी एकोणचाळीस जणांना ४-४ लाख. सरासरी येते बरोबर ५ लाख. म्हणजे कुणालाच न मिळालेला आकडा माहितीपत्रकात ‘सरासरी’ म्हणून छापता येतो, आणि ४४ लाखांचं होर्डिंग हायवेवर लागतं. नोकरी न लागलेले वीस जण या हिशेबात कुठेच नाहीत. शिवाय एका मुलाला तीन ऑफर आल्या तर काही ठिकाणी त्या तीन म्हणून मोजतात. त्या ४४ लाखांत जॉइनिंग बोनस असतो, काही वर्षांत हातात येणारे शेअर असतात, कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीसुद्धा असते. दरमहा खात्यात पडतं ते निराळंच.

म्हणून सरासरी विचारू नका, मध्यक विचारा. नोकरी लागलेल्या सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर मधोमध उभ्या असलेल्याला किती, तो मध्यक. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना हा आकडा द्यावाच लागतो. किती जण शिकून बाहेर पडले, किती नोकरीला लागले, किती पुढे शिकायला गेले, तेही. संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. आपला मुलगा पहिला येणार असं प्रत्येक आईला वाटतं (आमच्या घरीही तेच होतं), पण फी भरताना साठांतल्या तिसाव्या मुलाचं काय झालं ते बघावं.

आणि हा आकडा आजचा आहे. आत्ता प्रवेश घेणारा बाहेर पडेल चार वर्षांनी. २०२३-२४ मध्ये आयटीतल्या बड्या कंपन्यांनी कॅम्पस भरतीत हात आखडता घेतला. त्या वर्षी पास झालेल्यांनी प्रवेश घेताना पाहिलेलं चित्र वेगळंच होतं.

राहिले बेडूक. इथे आमचे लोक लगेच वेंकी रामकृष्णन यांचं नाव पुढे करतात: आयआयटीत प्रवेश मिळाला नाही, १९७१ साली इथल्या एम. एस. युनिव्हर्सिटीतून फिजिक्समध्ये बीएस्सी, २००९ साली नोबेल. अभिमान मलाही आहे, पण हा पुरावा नव्हे. त्यांचे आईवडील दोघंही शास्त्रज्ञ. वडील याच विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीचे प्रमुख. असं घर किती जणांना मिळतं? मला त्यांच्याकडून घेण्यासारखं दुसरंच वाटतं: फिजिक्समध्ये पीएचडी झाल्यावर हा माणूस जीवशास्त्र शिकायला पुन्हा विद्यार्थी झाला.

बडोद्याची खरी बाजू याहून साधी आहे. सयाजीरावांच्या काळात १८९० साली कलाभवन निघालं ते हाताला काम शिकवायला. आजही तिथून स्कूटरवर निघालं की कोयलीची रिफायनरी आणि मकरपुऱ्याचे कारखाने एका दुपारच्या टप्प्यात आहेत. सुट्टीत इथे फुकट राबायला आलेली पोरं मी नंतर पगारावर घेतली आहेत. घरचं जेवण, बसचा पास आणि अनुदानित फी, हा हिशेब फॉरवर्डमध्ये नसतो.

कर्जाचा तरी नीट करू. २० लाख, ११ टक्के व्याज, दहा वर्षं: हप्ता साधारण साडेसत्तावीस हजार. शिकताना चढलेलं व्याज वेगळंच. चार लाखवाल्याच्या हातात महिन्याला तीसच्या आसपास पडतात. दोन वर्षांत फेडायचं तर हप्ता नव्वद हजारांच्या वर जातो.

मागच्या जूनमध्ये भाच्याला घेऊन अशाच एका खासगी कॉलेजात गेलो होतो. काचेची इमारत, लॅबमध्ये संगणकावर चालणारं चकचकीत सीएनसी मशीन. गाइड पुढे गेल्यावर सातव्या सेमिस्टरच्या एका पोराला हळूच विचारलं, यावर काम करायला मिळतं का रे?

तो हसला. “काका, कॉलेजचा दर्जा तपासायला नॅकवाले आले होते तेव्हा चालू केलं होतं.”